वाळ्याखालचा दोरा

मी तोंडाची फटकळ आहे. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्या नवऱ्याला जरा जास्तच. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पलीकडं, उसाच्या रानात वसलेल्या आमच्या गावात मी आशाताईचं काम करते. गरोदर बायकांच्या नोंदी ठेवायच्या, गोळ्या द्यायच्या, बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं, आणि बाळ जन्मलं की सहा आठवडे ठरलेल्या दिवशी घरी जाऊन त्याला बघायचं. पिशवीत वजनाचा झोळीकाटा, थर्मामीटर आणि फॉर्मांची चळत. कुठं चुकतंय असं दिसलं की मी तिथल्या तिथं बोलते, समोर कुणाची सासू असो नाहीतर सरपंच असो. पण एकदा, एका तान्ह्या पोरीचा पाय जायची वेळ आली होती तेव्हा, मी अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं बोलायला मला पाच वर्षं लागली.

ते घर आमच्याच वस्तीतलं, विहारापासून चौथं. घरातल्या म्हाताऱ्यांना सगळी वस्ती आबा म्हणते. पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार. त्यांच्या दारावर कधी लिंबू-मिरची टांगली गेली नाही. मनगटाला दोरा, गळ्यात ताईत, पायात गंडा, यातलं काहीच त्यांच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. धम्म घेतला तो काय भिंतीवर फोटो लावायला घेतला का, असं ते भल्याभल्यांना सुनवायचे. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणते. मावशी बोलायला कमी. माझं मात्र तिच्याशी चांगलं जमायचं, कारण दोघींचं मिळून बोलायचं काम मी एकटीच करायचे.

त्यांची लेक दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला दिलेली. पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. ऊस तोडणीच्या दिवसांत शिरूरला दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं, बाळ मोठ्यानं रडलं, वजन चांगलं भरलं. मग नर्सबाईंनी बाळ पुसताना डावा पाय हातात धरला आणि मला जवळ बोलावलं.

घोट्याच्या वर बोटभर अंतरावर, पायाभोवती गोल खाच होती. कुणीतरी दोरी करकचून बांधून नंतर सोडून घ्यावी, तशी. खाचेच्या खालचं पाऊल जरासं फुगीर, आणि शेवटची दोन बोटं आखूड, एकमेकांना चिकटलेली, नखं नसलेली. बाळ पाय हलवत होतं, पाऊल कोमट होतं, रंग गुलाबी होता. मी ते सगळं बघून घेतलं. आईनं बघितलं तेव्हा ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "ताई, माझ्याकडून काय चुकलं वो?"

तिला उत्तर द्यायला वस्तीतल्या बायका टपूनच होत्या. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले तर दोघी-तिघी खाटेभोवती. एक म्हणाली, ग्रहणात हिनं काहीतरी चिरलं असणार. दुसरी म्हणाली, दोरी वलांडली असंल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ग्रहणात तुम्ही काय उपाशी बसल्या होत्या काय? चिरूनच खाल्लं ना? मग तुमच्या पोरांचे हातपाय मोजू का आता?" असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. पलीकडं आबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून "बरं केलंस," एवढं म्हटलं. मला त्या दिवशी फार भारी वाटलं.

सहाव्या दिवशी आम्ही बाळाला पुण्याला, लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी पाय बघितला, कसलंसं यंत्र लावून रक्त खालपर्यंत जातंय का ते ऐकलं, आणि आईला समजावून सांगितलं. पोटात बाळाभोवती पातळ पडद्याची पिशवी असते. क्वचित कधी तिचा धागा सुटतो आणि बाळाच्या बोटाला नाहीतर पायाला वेढा घालतो. कुणाच्या वागण्यानं होत नाही, कुणाच्या खाण्यानं होत नाही. पोरगी जरा मोठी झाली की ऑपरेशन करून खाच मोकळी करू. तोपर्यंत थोडी सूज राहील, घाबरू नका. पण सूज वाढली, रंग बदलला, तर त्याच दिवशी आणा. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं, आणि मी मान डोलावली.

माझ्या फॉर्मावर एक चौकट असते, बाळाला जन्मजात काही व्यंग आहे का. तिथं मी बरोबरची खूण केली. पुढं जेव्हा जेव्हा त्या घरी गेले, तेव्हा त्या खुणेकडं आधी बघितलं आणि पायाकडं नंतर. हे मला आता कळतं.

बाराव्या दिवशी नामकरण ठरलं. सासरची मंडळी टेम्पो करून येणार होती. खाच लेकीच्या नवऱ्यानं बघितलेली होती, तिच्या सासूला फक्त "पायाची दोन बोटं बारीक आहेत" एवढंच सांगितलेलं. त्यावरही ती फोनवर म्हणाली होती, चार माणसांत पाय उघडा टाकू नका, पोरीची जात आहे. आता आत्यानं चांदीचे वाळे घेतलेले, त्याचा फोटो फोनवर आला. वाळे घालायचे म्हणजे पाय उघडा पडणार, तोही सगळ्यांच्या देखत.

आदल्या दिवशी दुपारी मावशीनं मला हाक मारून घेतलं. आबा शिरूरला गेलेले, लेक मागच्या न्हाणीत अंघोळीला बसलेली. मावशीनं शेजारणीच्या बाळाचा वाळा मागून आणला होता. तो तिनं नातीच्या डाव्या पायात घालून दाखवला. वाळा घसरून बरोबर खाचेत बसला आणि एका अंगाला वाकडा उभा राहिला. दहा जणींच्या नजरा तिथंच गेल्या असत्या.

"काय करू गं?" मावशी म्हणाली. "उद्या समद्यांच्या म्होरं माझ्या लेकीची मान खाली जायाची."

माझं डोकं अशा वेळी फार चालतं. कोपऱ्यात बाळाच्या गोधडीचं अर्धवट शिवण पडलं होतं, त्यात सुई, आणि जाड, मऊ, पांढऱ्या दोऱ्याचं गुंडाळं. मी म्हटलं, "मावशे, खड्डा बुजवायचाय ना? मग हा दोरा घे. पाच-सहा वेढे दे, सैल. वरनं वाळा चढव. सरळ बसंल. उद्याच्या दिसापुरतंच तर हाय."

मावशी दोऱ्याकडं बघत राहिली. "आबांना कळलं तर? ह्या घरात दोरा न्हाई बांधत."

"गंडा बांधायला सांगतीय का मी? गोधडीचा दोरा हाय. वाळ्याखाली कुणाच्या बापाला दिसतोय?"

मी बाळाचा पाय धरला आणि मावशीनं दोरा गुंडाळला. अगदी सैल, करंगळीचं टोक आत जाईल इतका. वर वाळा चढवून बघितला. काय बेमालूम बसला होता. मावशीच्या तोंडावर हसू आलं, किती दिवसांनी. मग तो दोरा काढून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधी तिनं एकटीनं पुन्हा गुंडाळला.

नामकरण छान झालं. भन्तेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, पोरीला नाव मिळालं, आत्यानं वाळे घातले. सासू बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "दिसतोय की बरा पाय, उगंच जिवाला घोर लावला व्हता." मी दारात उभी राहून लाडू खात होते. मावशीनं लांबून माझ्याकडं बघितलं. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

चौदाव्या दिवशीच्या भेटीत मी आठवणीनं विचारलं, "दोरा काढला ना?" मावशी म्हणाली, "त्याच सांजंला. आदी वाळा काढला, मंग दोरा." मी खाच बघितली. तेल लावलेली होती, स्वच्छ होती, दोरा कुठं दिसला नाही. एकविसाव्या दिवशीही सगळं ठीक. अठ्ठाविसाव्या दिवशी पाऊल जरा टम्म वाटलं. मी फॉर्म काढला, खूण बघितली आणि म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना थोडी सूज राहील म्हणून. घाबरायचं नाही." बाळाला अंघोळ घालायला येणाऱ्या म्हातारीला वर दम भरला की पाय रगडू नकोस, पोरगी आहे ती, कणीक नाही. म्हातारी बिचारी काही न बोलता पाणी विसणत राहिली.

चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला लेकीचा फोन आला. मागं बाळ रडत होतं, पण नेहमीसारखं नाही. थांबायचं, धाप टाकायचं, पुन्हा किंचाळायचं. "ताई, रात्रीपासनं अंगावर पीत न्हाई. पाय बगा येऊन."

मी हातातलं पीठ तसंच टाकून, पिशवी खांद्याला अडकवून पळाले. पाऊल जांभळं झालं होतं. दुप्पट फुगलेलं, कातडी ताणून चकाकत होती. मी बोटानं दाबून बघितलं, दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा रंग यायला हवा, तो आलाच नाही. चार दिवसांपूर्वी याच पायाला मी "घाबरायचं नाही" म्हणून गेले होते.

पुण्याला डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला. त्यांनी पटापट विचारलं. रंग कसला, गार आहे का, कधीपासून. मग म्हणाल्या, "पायाला काही गुंडाळलंय का? केस, मोज्याचा धागा, दोरा, काहीही?"

आबा खाटेशेजारी उभे होते. ते ताठ आवाजात म्हणाले, "नाही मॅडम. आमच्या घरात दोरे बांधत नाहीत."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. तो दोरा तर कधीच काढला होता, आता तो विषय कशाला, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग आतला पट्टाच आवळत असणार. आधी शिरूरला दाखवा, ते बघतील आणि पुढं पाठवतील. वेळ घालवू नका."

आबांचा मुलगा रांजणगावला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. वस्तीच्या तोंडाशी दुधाची पिकअप उभी होती, तिलाच हात केला. पुढं ड्रायव्हरशेजारी मी आणि बाळाला घेतलेली आई, मागं रिकाम्या कॅनांमध्ये आबा आणि मावशी. न्हावऱ्याच्या चौकात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळत होता. वळतच होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी खिडकीतून डोकं काढून त्या ट्रॅक्टरवाल्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चौक सुटला, पुढं आणखी एक ट्रॉली. बाळाचं रडणं आता बारीक झालं होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आई म्हणाली, "ताई, पाय तुमच्या मांडीवर घ्या, मला बगवंना." मी पाय मांडीवर घेतला. समोरच्या काचेतून ऊन सरळ त्या पावलावर पडलं होतं. खाच आता खाच राहिलीच नव्हती, दोन्हीकडचं मांस फुगून एकमेकाला भिडलं होतं. मागच्या बाजूला, पोटरीकडं, मला काहीतरी बारीक दिसलं. तेलानं पिवळट झालेलं, तिळाएवढं. मळ असेल म्हणून मी पदरानं पुसायला गेले. ते पुसलं गेलं नाही. नखानं हळूच उचललं, तर त्याला दोन तंतू होते, पिळाचे.

ते गोधडीच्या दोऱ्याचं टोक होतं. मावशीनं दोरा काढला होता, खोटं नव्हतं ते. पण सगळ्यात आतला वेढा खाचेच्या तळाशी तेलात चिकटून राहिला होता. तो तुटून मागं राहिला हे तिला संध्याकाळच्या उजेडात कसं दिसणार? पोरगी रोज बाळसं धरत होती आणि दोरा होता तेवढाच होता.

आईनं विचारलं, "काय हाय?" मी म्हटलं, "काही नाही." ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, हाण जरा."

शिरूरला दवाखान्यात डॉक्टर लगेच आले. तरुण होते, बाळाचा पाय बघून त्यांचा चेहरा उतरला. आबांनी पुण्याचे कागद पुढं केले. त्यांनी वाचले, पुन्हा पाय बघितला, आणि विचारलं, "काही बांधलेलं नव्हतं ना?"

"नाही," आबा म्हणाले. "फोनवरही सांगितलं. आमच्यात तसलं काही नसतं."

डॉक्टर म्हणाले, "मग हे इथं हात लावण्यासारखं नाही. पुण्यालाच न्या, मी चिठ्ठी देतो, गाडी सांगतो." आणि ते लिहायला बसले.

पुणं म्हणजे दोन तास, रस्त्यात गर्दी लागली तर अडीच. त्या पावलाकडं दोन तास नव्हते. हे मला कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. माझं तोंड, जे कुणापुढं थांबत नाही. बोलले तर पुढचा प्रश्न येणार, कुणी सांगितलं बांधायला. मग सुपरवायझर, मग मीटिंग, मग माझी पिशवी दुसरीच्या खांद्यावर. आबांचं तोंड माझ्यासमोर होतं. डॉक्टरांचं पेन कागदावर चाललं होतं. अर्धी चिठ्ठी लिहून झाली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आत दोरा आहे."

पेन थांबलं. मी बाळाचा पाय उजेडात धरून ते टोक दाखवलं. मग पुढची सगळी धावपळ त्यांची. दिवा, बारीक चिमटा, बारीक कात्री, भिंगाचा चष्मा, दोन नर्स पाय धरायला. आम्हाला पडद्याबाहेर काढलं. बाळ एकदा असं ओरडलं की आई भिंतीला टेकून खालीच बसली. मग कितीतरी वेळ काहीच आवाज नाही. आबा खिशातलं पेन काढत होते, परत ठेवत होते. मावशी माझ्याकडं बघत नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. ट्रेमध्ये रक्तानं माखलेला दोऱ्याचा एकच वेढा होता, बोटाएवढा पण नाही. "रंग परत येतोय," ते म्हणाले. "हळूहळू येतोय. अजून थोडा उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं." मग त्यांचा आवाज चढला. "हा दोरा कुणी बांधला? दृष्ट लागू नये म्हणून बांधला ना? तुम्हाला कितीदा सांगायचं?"

मी तोंड उघडलं, शपथेवर सांगते उघडलं होतं, पण माझ्या आधी मावशी बोलली.

"म्या बांधला."

"दृष्टीसाठी?"

मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "दिष्टीसाठी."

डॉक्टर तिला अंधश्रद्धेवर बोलले. चुकीचं काहीच बोलले नाहीत. ती पदर डोक्यावर घेऊन, शाळेत उभं केलेल्या पोरीसारखी ऐकत राहिली. ते आत गेल्यावर आबा तिच्यासमोर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं माझ्यासंगं राहून," ते म्हणाले, "शेवटी दोराच बांधलास." तेवढ्यात केडगावहून सासरची माणसं आली, आणि त्यांनाही तेच सांगितलं गेलं.

मी तिथंच होते. फॉर्मांची पिशवी खांद्याला तशीच.

पाऊल वाचलं. आखूड दोन बोटांपैकी करंगळीचं टोक काळं पडून गळालं, बाकी सगळं जिवंत राहिलं. पुढं पुण्याला दोन ऑपरेशनं झाली, खाच मोकळी केली, तिथं आता नागमोडी वण आहे. पोरगी चालायला जरा उशिरा लागली, आणि एकदा लागली ती पळतच सुटली. माझं काम राहिलं. त्या वर्षी मीटिंगमध्ये "बाळाचा पाय वेळेत ओळखला" म्हणून साहेबांनी माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन जेवले नाही.

मावशीचं काय झालं ते सगळ्या वस्तीनं बघितलं. सासरच्यांनी सांगितलं, लेक येईल-जाईल, पण नात आजीकडं राहायला नको. सकाळी यायची, संध्याकाळच्या आत परत. आणि आबांनी मावशीला काही मागणं सोडून दिलं. भांडण नाही, शिवी नाही. जेवायला वाढलं तर जेवायचे, पण मागायचे नाहीत. तहान लागली की स्वतः उठून माठातून पाणी घ्यायचे. गुडघे दुखायला लागले तरी उठून घ्यायचे. मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या कामानं त्या घरी जायचे, मावशी मला चहा द्यायची, दोऱ्याचं एका शब्दानं काढायची नाही. मी चहा प्यायचे. इतकी निगरगट्ट झाले होते मी.

गेल्या महिन्यात लेक आली होती, पोरीला घेऊन. पोरगी आता शाळेत जाते. ओट्यावर बसून चपलेचा पट्टा लावत होती, बोटं कमी म्हणून चप्पल निसटते, तर तिनं स्वतःच पट्ट्याला भोक पाडून घेतलं होतं. मला म्हणाली, "तुम्हाला जमंल का असं?" मी म्हटलं, "नाही बाई." ती पळाली. तो पाय पळताना बघितला आणि मला ते आणखी मनात धरवेना. तिच्या आईला मागच्या दारी नेऊन मी सगळं सांगितलं. दोरा कुणाच्या डोक्यातून निघाला, पाय कुणी धरला, सगळं.

ती धुण्याची बादली धरून उभी होती. तिला नवल वाटलं नाही.

"मी न्हाणीत व्हते की, ताई," ती म्हणाली. "पत्र्याचं दार. समदं ऐकलं व्हतं मी."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. "मग बोलली का न्हाईस?"

"आईनं गप केलं. म्हणली, तिचं काम गेलं तर वस्तीतल्या पोरींना दवाखान्यात कोण न्हील? म्हणली, तिच्या जिवाला लागलंय, ती सांगंल तिची ती." तिनं बादली खाली ठेवली. "पाच वरसं झाली वाट बगतीय आई. मला सांगून काय उपेग? आबांना सांगा."

आबा पुढच्या ओट्यावर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी समोर खाली बसले. "आबा, एक सांगायचंय," म्हटलं, आणि मग थांबलेच नाही. वाळ्यापासून चिठ्ठीपर्यंत सांगितलं. दृष्टीसाठी नव्हता, पाहुण्यांपासून खाच झाकायला होता, आणि तो मी सांगितला होता. मावशीनं माझ्यापायी खोटं घेतलं अंगावर. बोलता बोलता मी रडत होते, पण ते पुसायला थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

आबांनी पेपरची घडी घातली. एक घडी, मग आणखी एक. मला वाटलं आता मला उंबऱ्याबाहेर काढतील, आणि काढायलाच हवं होतं.

"दवाखान्यात मी तिला काय बोललो, ऐकलं व्हतंस ना तू?" ते म्हणाले.

"व्हय, आबा."

"तरी गप राहिलीस."

"व्हय."

त्यांनी अंगणात बघितलं. पोरगी एका पायावर उड्या मारत होती, वणाच्याच पायावर. आत चुलीपाशी मावशीची भांडी वाजत होती. आबांनी घसा खाकरला आणि मान आतल्या बाजूला वळवली.

"अगं," ते म्हणाले, "जरा पाणी आण."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग मावशी तांब्या घेऊन दारात आली. आधी तिनं आबांकडं बघितलं, मग माझ्या रडक्या तोंडाकडं.

"सांगितलंस व्हय," ती म्हणाली.

आबांनी हात पुढं केला होता. तांब्या हातात येईपर्यंत त्यांनी तो मागं घेतला नाही.